लुगड्याची घडी

शेवटचं आम्ही नवराबायकोनं मिळून काय केलं, तर गच्चीवर तिच्या लुगड्याची घडी घातली. एक टोक तिच्याकडे, दुसरं माझ्याकडे. ताणायचं, झटकायचं, मग मी चालत जाऊन माझं टोक तिच्या हातात द्यायचं. रोजचंच होतं.

मी मिलच्या फोल्डिंग खात्यात जन्म काढला. तिथे कापड एकेक वाराच्या थरांनी एकावर एक पडतं. घरीही माझा हात तसाच चालायचा. म्हणून ती मला टोकच धरायला द्यायची, घडी स्वतः घालायची.

मुली सासरी गेल्यावर तिच्या डोक्यात मॅट्रिकचं खूळ शिरलं. मध्यप्रदेश नवा नवा झाला होता, बायकाही प्रायव्हेट परीक्षेला बसत होत्या. शेजारच्या गल्लीतल्या मास्तरीणबाई तिला गणित शिकवायच्या. मी चौथीत शाळा सोडलेला. मला काय कळणार? पण ती ऐकवायचीच.

"अहो, तुमच्या मिलची घडी म्हणजे समांतर श्रेढी. एक थर, दोन, तीन, चार. दर वेळी एकच वाढतो."

"बरं मग?"

"आपली ही गुणोत्तर श्रेढी. एक, दोन, चार, आठ. दर घडीला थर दुप्पट."

"अगं, पण लुगडं तर अर्धं होतंय."

"तेच तर! थर दुप्पट, लांबी अर्धी. आलं लक्षात?"

पहिलं कळलं. दुसरं अडकलं. म्हटलं, "असं अर्ध्याचं अर्धं करत बसलं तर संपणार कधी?"

ती हसली. "मिलवाल्याचं डोकं चाललं की! सांगते, त्यातच तर मजा—"

तेवढ्यात खालून शेजारणीची हाक आली, नल आ गया भाभी. घडी माझ्या हातात कोंबून ही पळाली. "उद्या सांगते."

दुसऱ्या दिवशी ती उठलीच नाही. डॉक्टर म्हणाला, झोपेतच हार्ट बंद पडलं. दुपारी तिला नेलं. मुलगा नाही, अग्नी मीच दिला. संध्याकाळी उज्जैनहून थोरली आली, रडली. मला रडू येत नव्हतं. सारखं तेच डोक्यात, की ती काय सांगणार होती. लोक बोलत होते, मी मान हलवत होतो. थकवा असा की ताटावर बसून घास उचलवेना.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चपला घातल्या.

थोरली म्हणाली, "बाबा, सुतकात कुठे निघालात? लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत."

मास्तरीणबाईंच्या उंबऱ्याबाहेर उभा राहिलो. त्या दार उघडून माझ्या भादरलेल्या डोक्याकडे बघतच राहिल्या.

"आत येत नाही, सुतक आहे. एवढंच सांगा, अर्ध्याचं अर्धं करत गेलं तर संपतं कधी? ती सांगणार होती, राहिलं."

बाईंनी पदराने डोळे टिपले. आतून पाटी आणून उंबऱ्याच्या आतल्या बाजूला बसल्या. मी बाहेर पायरीवर.

"काका, संपत नाही. लहान होत जातं फक्त."

"हे काय उत्तर झालं?"

"गणितात हेच उत्तर आहे."

"बरं," मी म्हणालो. "पहिल्यापासून सांगा. आणि जरा हळू."

त्यांनी पाटीवर एकचा आकडा काढला.