बिसाहिन म्हणजे विकत घेतलेली

अक्षर वाईट आहे, शुद्धलेखनही चुकेल, माफी असावी. चौथीपर्यंतच शिकले. चारचौघांत तोंडून शब्द फुटत नाही, म्हणून वहीत लिहिते. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. पण हे माझ्याच कानांचं आहे...

माझं नाव बिसाहिन. माझ्या आधी आईची चार लेकरं गेली. म्हणून जन्मल्याबरोबर मला सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं आणि बुधिया सुईणीनं पाच पैशांना विकत घेतलं. लेकरू त्या घरचं नाहीच म्हटल्यावर मरण कोणाला शोधणार? बुधिया छत्तीसगडकडची. तिच्या बोलीत बिसाहिन म्हणजे विकत घेतलेली. लग्नाआधी सुईणीचे पैसे फेडून लेक परत घ्यायची असते. आईला धीर झाला नाही. तशीच मी केशोरीला सासरी आले.

लग्नात सासूबाईंनी तांदळात माझं नवं नाव लिहवलं — लक्ष्मी. त्या दिवसापासून ती हाक मला ऐकूच येईना. जातं, पाखरं, बायकांची कुजबुज, सगळं ऐकू येई. तेवढा एक शब्द नाही. सासूबाईंना वाटलं, सोंग आहे.

"काऊन वो, मी हाका मारून राहिली, कानात माती भरली का?"

एकदा यांनी माझ्या पाठीशी उभं राहून दहादा लक्ष्मी म्हटलं म्हणे. मी तांदूळ निवडत बसले होते. मग अंगणाच्या टोकाला जाऊन हळूच बिसाहिन म्हणाले, आणि मी वळून पाहिलं. यांचा चेहरा उतरला.

शेवटी सासूबाईंनी बुधियाला बोलावलं, पाच पैसे पुढे केले. बुधिया म्हणाली, मोल देईल त्याची पोरगी, मग नाव काहीही ठेवा.

 मी सासूबाईंचा हात बाजूला सारला.

"मायं मोल मीच देईन."

"मंग तू कोनाची होशील वो?" बुधियानं विचारलं.

"मायी. मायी सोताची."

माझ्याजवळ तीनच पैसे होते, माहेरी रोवणे, म्हणजे भातलावणी, करून मिळवलेले. तेवढे दिले. सासूबाई महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. लक्ष्मी अजूनही ऐकू येत नव्हतं.

पुढच्या रोवण्यानंतर बुधिया आली. उरलेले दोन पैसे तिच्या तळहातावर ठेवले, तोच मागून सासूबाईंची हाक आली — लक्ष्मी. अगदी स्पष्ट. कशी ऐकू आली, ते मला आजही सांगता येत नाही.

मी ओ दिली नाही. आधी बुधियाला विचारलं, झाले का सगळे?

"पुरे पाच," ती म्हणाली.