बाबांच्या गुळण्या

माझे सासरे, म्हणजे आमचे बाबा, कारखान्यात भोंगा वाजवायचे. निवृत्त झाले आणि भोंगा घरी घेऊन आले. सकाळी ते जीभ खरवडायला लागले, की आता आतडी बेसिनमध्ये येणार अशी पाहुण्यांना धास्ती वाटते. मग गुळण्या, मग खाकरणं, मग शिंका. देवाने देह एकच दिला, पण आवाज दहा जणांचे. त्यांना स्वतःला यातलं काही ऐकू येत नाही. कान भोंग्याने कधीच खाल्ले. वरच्या मजल्यावरचा, शाळेची व्हॅन चालवणारा, त्यांच्या गुळण्यांवरच उठतो. मी मात्र रोज दात-ओठ खाते.

परवा नवऱ्याची घरूनच मीटिंग चालली होती. साहेबांनी विचारलं, "हा कसला आवाज?"

"पाण्याचा पंप आहे सर, बिघडलाय."

मीटिंग संपल्यावर तो बाबांवर ओरडला, "लाज आणता तुम्ही मला!" नेमकं तेवढं बाबांना ऐकू गेलं.

काल सकाळी बाबा बाथरूममध्ये गेले आणि आवाजच नाही. खोटं कशाला बोलू, आधी मला बरं वाटलं. निवांत चहा प्यायले. कप रिकामा झाला तरी शांतताच. गेल्या वर्षी ते तिथेच चक्कर येऊन पडले होते. कडी लावू नका म्हणून शंभरदा सांगितलंय, तरी आतून कडी होतीच. कानाचं यंत्र बाहेर टेबलावर पडलेलं. आता हाका मारून काय उपयोग?

"अहो, बाबा बाहेर येत नाहीयेत!"

नवरा मीटिंग तशीच टाकून धावला. दार बडवलं, फटीला डोळा लावला. काही दिसेना. तेवढ्यात एका गालाला फेस फासलेला व्हॅनवाला खाली आला.

"वहिनी, आज बाबांचं काहीच नाही? पोरं खोळंबली माझी!"

मग त्याचं लक्ष आमच्या तोंडांकडे गेलं. त्याने दाराला खांदा लावला, तशी कडी निखळली.

बाबा उलट्या बादलीवर बसले होते, हातात कोरडा ब्रश घेऊन. आम्हाला पाहून त्यांनी, त्यांच्या मते अगदी हळूच, विचारलं, "संपली का रे मीटिंग?"

नवऱ्याने मान हलवली आणि त्यांना हाताला धरून बेसिनपाशी उभं केलं.

गुळण्या सुरू झाल्या. खोलीत लॅपटॉप चालूच होता. "अहो, तो पंप अजून दुरुस्त केला नाहीत?" साहेब विचारत होते.

नवरा डोळे पुसत खुर्चीत बसला.

"पंप नाही, सर. वडील आहेत माझे."