न ठेवलेली प्रत

"वारली," असं सर मोठ्यानं म्हणायचे आणि वाचनकक्षातली दोन-चार डोकी दचकून वर यायची. नव्यानं आलेल्या एका क्लार्क बाईंनी पहिल्याच सोमवारी घाबरून विचारलं, "कोण वारलं सर?" सरांनी पडद्यावरची नजर न हलवता सांगितलं, "तैवानकडची एक लिंक. आठ वर्षांची होती."

दर सोमवारी सकाळी ते माझ्या टेबलाशेजारच्या कॉम्प्युटरवर बसत, एका बोटानं माउस दाबत आणि छताकडे बघत दहा आकडे मोजत. दहाच्या आत पान उघडलं तर "जिवंत", नाही उघडलं तर "वारली". हैदराबादच्या जामबागेतल्या आमच्या कॉलेजात ते असिस्टंट लायब्रेरियन होते आणि मी कॉम्प्युटरवाला. म्हणजे वेबसाइट, प्रिंटर, प्रिन्सिपॉलांचा मोबाइल, जे बिघडेल ते माझं.

सर परभणीकडच्या शेतकरी घरातले. आजोबा निजामाच्या काळात हैदराबादला आले आणि काचीगुड्यात राहिले ते राहिलेच. सरांच्या मराठीत दखनी अशी मुरलेली, की 'कशाला'च्या जागी येणारा 'काइकू' हा शब्द मराठी नाही हे आपल्याला चाळिशीत कळलं, असं ते स्वतःच सांगत. चीनशी या घराचा संबंध विचाराल तर एवढाच, की एकदा कुणीतरी कॉलेजला पुस्तकांचं खोकं दान दिलं आणि त्यात एक जाडजूड चिनी ग्रंथ निघाला. नोंदवहीत लिहायचं काय? 'चिनी पुस्तक, एक' असं लिहून मोकळे व्हा, असं सगळ्यांनी सुचवलं. सर म्हणाले, "नाव न वाचता नोंद करायची म्हणजे नाव न विचारता माणूस पुरायचा."

त्या एका नावासाठी ते इंटरनेटवर शिरले. नाव कळायला दोन महिने लागले. पूर्वजांच्या पूजाविधींचा ग्रंथ निघाला तो. तोवर सरांना वाटेत इतकं काही दिसलं होतं की ते परत फिरलेच नाहीत. चिनी अक्षरांचे शब्दकोश, जुन्या पोथ्यांची स्कॅन केलेली पानं, मंदिरांचे फोटो, परदेशी प्राध्यापकांची व्याख्यानं. हे सगळं त्यांनी कॉलेजच्या वेबसाइटच्या एका कोपऱ्यात मांडायला घेतलं. चिनी तत्त्वज्ञान आणि धर्म शिकू पाहणाऱ्यानं कुठं जावं, कशावर विश्वास ठेवावा, कुठं फिरकू नये. प्रत्येक लिंकखाली दोन ओळींची टीप, इंग्रजीत आणि मराठीत. अकरा वर्षं हे काम चाललं.

त्या टिपा वाचण्यासारख्या होत्या. 'लेखक विद्वान आहे. वाचकानं घाबरू नये.' 'इथं धूप फार, माहिती कमी.' 'हे पान ताओच्या नावानं फुलदाण्या विकतं. आत जाऊ नये.' एका ठिकाणी नुसतं, 'भाषांतर अर्धवट सोडलं आहे. बरं झालं.'

माणसांनाही ते अशाच टिपा लावत. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, ज्याचं बोलणं खरं असतं आणि म्हणूनच ऐकवत नाही. मी नवीन असताना त्यांच्या पानाचं शीर्षक टाइप केलं, 'चायनीज तत्त्वज्ञान'. सगळा स्टाफ समोर असताना सर म्हणाले, "मियाँ, चायनीज प्लेटीत असतं. ग्रंथात चिनी." तेव्हापासून कॉलेजात माझं नाव 'प्लेटवाले' पडलं. लग्नाच्या पत्रिका वाटायला गेलो तेव्हासुद्धा कुणीतरी म्हणालं, या प्लेटवाले.

पुण्याहून आलेल्या एका तरुण लेक्चरर बाईंनी एकदा सेमिनारमध्ये पूर्वेकडच्या ध्यानपरंपरांवर पेपर वाचला. संपल्यावर सर उभे राहिले. पहिला परिच्छेद कुठल्या वेबसाइटवरचा, दुसरा कुठला, तिसऱ्यात कुठला शब्द बदलला आहे आणि बदलताना काय चुकलं आहे, हे त्यांनी हातात कागद न घेता क्रमानं सांगितलं. बाई रडायला लागल्या. सर थांबले नाहीत. "पाचवा परिच्छेद यांचा स्वतःचा आहे," ते शेवटी म्हणाले, "तो काढून टाकावा." टर्म संपल्यावर बाई नोकरी सोडून गेल्या.

आणि हाच माणूस, माझे वडील दवाखान्यात होते तेव्हा, नऊ दिवस काचीगुड्याहून डबा घेऊन येत होता. डबा ठेवायचा, वडिलांच्या पलंगाला लावलेला चार्ट वाचायचा आणि नर्सला औषधाचं स्पेलिंग दुरुस्त करायला लावायचं. एका दुपारी वडील झोपले होते. सरांनी लायब्ररीतलं एक जुनं कॅटलॉग कार्ड खिशातून काढलं आणि पाठकोऱ्या बाजूला एक अक्षर काढून दाखवलं. "हा माणूस. आणि हा शेजारी दोनचा आकडा. माणूस आणि दोन मिळून होते माणुसकी. एकट्याला ती लिहिता येत नाही." मी मान हलवली. मला भूक लागली होती आणि डबा कधी उघडतोय असं झालं होतं.

कोरोनाच्या पहिल्या वर्षी कॉलेज बंद होतं. ऑफिसातले आम्ही तिघे-चौघे तेवढे आळीपाळीनं जात होतो. सर घरी होते, निवृत्तीला काही महिने उरले होते. त्याच उन्हाळ्याच्या शेवटी सीमेवर चकमक झाली, आपले जवान गेले. लोक चिनी टीव्ही रस्त्यावर आणून फोडत होते. आमच्यापैकी कुणीतरी सरांच्या पानाची प्रिंट काढून प्रिन्सिपॉलांच्या टेबलावर ठेवली. कुणी, ते मला ठाऊक नाही. सरांनी दुखावलेली माणसं कमी नव्हती.

प्रिन्सिपॉलांनी मला बोलावलं. "कॉलेजच्या नावावर चीनचं पान? आज संध्याकाळच्या आत मला ते दिसता कामा नये."

मी टेबलाशी येऊन बसलो. प्रत करून ठेवायला पाच मिनिटं लागली असती. पेन ड्राइव्ह समोरच पडला होता. मला कुणी प्रत ठेवू नका असं म्हटलं नव्हतं. घाई नव्हती, भीती नव्हती. मी पेन ड्राइव्हकडे बघितलं आणि मनात म्हटलं, होऊन जाऊ दे एकदा यांचंही. मग पुसून टाकलं. अकरा वर्षं पुसायला चहा निवण्याइतकाही वेळ लागला नाही.

दुसऱ्या दिवशी सरांचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच होता. "काढलं म्हणे."

"हौ सर. वरून ऑर्डर होती."

"प्रत ठेवली ना?"

"ठेवली सर."

"मग परेशान व्हायचं कारण नाही. वातावरण निवळलं की लावू."

सर निवृत्त झाले, पुढं कॉलेजं उघडली आणि ते दर सोमवारी यायला लागले. घरी कॉम्प्युटर नव्हता. बायकोच्या मोबाइलवर ते एकेक वेबसाइट उघडून बघत आणि रद्द झालेल्या कॅटलॉग कार्डांच्या पाठीवर दुरुस्त्या लिहून आणत. 'अमुक शब्दकोशाचा पत्ता बदलला.' 'अमुक व्याख्यानं आता नोंदणी केल्याशिवाय दिसत नाहीत, तसं टिपेत घालावं.' कार्ड माझ्या हातात देत आणि म्हणत, "आपल्या प्रतीत एवढं करून ठेवा."

"करतो सर," मी म्हणायचो आणि कार्ड ड्रॉवरमध्ये टाकायचो.

हे तीन वर्षं चाललं. तुम्ही विचाराल, एकदाही सांगावंसं वाटलं नाही का? पहिल्या महिन्यात वाटायचं. नंतर सवय झाली. कधी उशीर झाला तर उलट मीच विचारायचो, "सर, या आठवड्यात कार्ड नाही?" पान परत कधी लावायचं असं त्यांनी विचारलं, की मी नव्या प्रिन्सिपॉलांचं नाव पुढं करायचो. शेवटच्या वर्षी शुगरनं त्यांचे डोळे गेल्यातच जमा झाले. मग कार्डांवर त्यांच्या बायकोचं, म्हणजे काकूंचं अक्षर दिसू लागलं. काकू जामबागेतल्या जुन्या मराठी शाळेत शिकलेल्या. वळणदार, शाळकरी अक्षर. त्या फोनवर पान उघडून मोठ्यानं वाचायच्या, सर ऐकून दुरुस्ती सांगायचे, त्या लिहायच्या. अनोळखी चिनी नावं त्यांनी देवनागरीत इतक्या काळजीनं लिहिलेली असत, की एकेक मात्रा गिरवल्यासारखी दिसे.

मग एक मुलगी आली. मराठी, दिल्लीत पीएच.डी. करणारी. तिच्या स्वतःच्या कॉलेजात असताना हेच पान वाचून ती चिनी भाषेकडे वळली होती. पान एक दिवस नाहीसं झालं. जुनी पानं साठवणाऱ्या एका वेबसाइटवर तिला फक्त पहिलं पान मिळालं, आतलं काहीच नाही. शोधत शोधत ती काचीगुड्याला सरांच्या घरी पोचली. सरांनी तिला एक कार्ड देऊन माझ्याकडे धाडलं. काकूंच्या अक्षरात लिहिलं होतं, 'यांना संपूर्ण प्रत द्यावी.'

मी म्हणालो, सर्व्हर बंद आहे, उद्या या. दुसऱ्या दिवशीही तेच म्हणालो. तिसऱ्या दिवशी ती आली तेव्हा सर तिच्या कोपराला धरून चालत होते. खुर्ची चाचपून बसले आणि म्हणाले, "उघडा मियाँ."

मी उभाच होतो. "प्रत नाही सर."

"कधी गेली?"

"ठेवलीच नव्हती."

त्यांनी माझ्या दिशेनं हात पुढं केला. मग म्हणाले, "आणि कार्डं?"

मी ड्रॉवर उघडून गठ्ठा त्यांच्या हातात दिला. त्यांनी बोटांनी कडा चाचपल्या. मी रबर लावून ठेवली होती, तारखेनुसार.

"एकही गहाळ नाही?"

"नाही सर."

"ही काइकू सांभाळली?"

मी ड्रॉवर लावून टाकला. मुलगी माझ्याकडे बघत म्हणाली, "तीन वर्षं तुम्ही यांच्याकडून हे करून घेत होतात?" तिचा आवाज चढला नव्हता. मी काही बोलण्याआधी सरच उठले. "चला बेटी. यांच्या कामाची वेळ आहे."

मुलीनं दिल्लीचं तिकीट रद्द केलं आणि काचीगुड्याला आठ दिवस राहिली. सर आठवून सांगत, ती लॅपटॉपवर लिहून घेई. चौथ्या दिवशी मी गेलो. म्हणालो, मी टाइप करतो, माझा हात जलद आहे. सर म्हणाले, "तुम्ही बसा. चहा घ्या. टाइप नका करू."

म्हणून मी बसून ऐकलं. वेबसाइटची नावं त्यांना पाठ होती. टिपा आठवत नव्हत्या. एखादी आठवली की चेहरा उजळायचा, मग पुढच्या पाच-सहा रिकाम्या जायच्या. "इथं मी काहीतरी लिहिलं होतं. नेमकं लिहिलं होतं," ते म्हणायचे आणि कपाळ चोळायचे. एकदा म्हणाले, "लिहा, चांगलं पान आहे." मुलीनं लिहिलं. तिनं वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी हात उचलून तिला थांबवलं. "खोडा ते. असं मी कुणालाही लिहिलेलं नाही. रिकामं ठेवा."

काकू स्वयंपाकघरातून पोहे घेऊन आल्या. "यांना बशी आधी," सर माझ्याकडे हात करून म्हणाले. काकूंनी मला विचारलं, "कॉलेजातून प्रत यायला वेळ लागणार आहे का हो? हे उगाच डोक्याला ताण देतात." मुलीनं लॅपटॉपवरचं डोकं वर केलं. सर म्हणाले, "मशीन बिघडलंय. त्यांच्या हातात काही नाही." मी पोहे खाल्ले.

मुलगी गेली तेव्हा तिसरा हिस्साही झाला नव्हता. उरलेलं फोनवर सांगेन, असं सरांनी कबूल केलं. थोडं सांगितलंही. हिवाळ्यात किडनी गेली आणि आठवड्याभरात सर गेले. मला कळलं ते कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. खाली तेरा जणांनी हात जोडले होते. त्यात पुण्याला परत गेलेल्या त्या लेक्चरर बाईही होत्या.

तिसऱ्या दिवशी काचीगुड्याला गेलो. परभणीकडचे नातेवाईक आले होते. बाहेरच्या खोलीत चटया अंथरल्या होत्या, दिल्लीची मुलगी भिंतीला टेकून काकूंजवळ बसली होती. मला बघून काकू उठल्या.

"हे कॉलेजातले," त्यांनी सगळ्यांना सांगितलं. "त्यांच्या सगळ्या कागदांची काळजी यांनीच घेतली. डोळे गेल्यावरसुद्धा यांच्या भरवशावर होते ते. शेवटी म्हणाले, प्रत आली नाही म्हणून त्याला काही बोलू नका, त्यानं कार्डं नीट ठेवली."

फेटा बांधलेले एक वृद्ध गृहस्थ, सरांचे चुलते असावेत, बसल्या जागेवरून मला हात जोडू लागले. मी त्यांना थांबवायला हवं होतं. खोलीत इतकी माणसं होती आणि खरं माहीत असलेली दोनच. मी मुलीकडे बघितलं. तिनं काही तरी बोलावं असं मला त्या क्षणी फार वाटलं.

ती जरा बाजूला सरकली आणि चटईवर माझ्यासाठी जागा केली. मी हात जोडून वृद्धांना उलट नमस्कार केला, आणि बसलो.