सीट तयार होती

छातीत दुखत असताना माझे बाबा साडेतीन तास खुर्चीत बसून राहिले.

हॉस्पिटल रिक्षाने दहा मिनिटांवर होतं.

आज वर्ष झालं. राग गेलेला नाही. म्हणून लिहितेय.

सिल्वासात बाबांना सगळे "सेफ्टीवाले काका" म्हणायचे. धाग्याच्या कंपनीत सेफ्टी ऑफिसर होते. मशीनचं गार्ड काढून कुणी काम करताना दिसला, की आख्खा फ्लोअर डोक्यावर घ्यायचे.

"काका, दो मिनिट का काम है, चलेगा ना?"

"हाथ जाने में दो मिनिट नहीं लगता रे!"

पण त्याआधी वीस वर्षं ते एअर फोर्समध्ये होते. साक्रीकडच्या शेतकऱ्याचा मुलगा. काम काय, तर फायटर विमानांच्या इजेक्शन सीट, म्हणजे विमान पडायला लागलं तर पायलटला बाहेर फेकून वाचवणाऱ्या खुर्च्या, तपासून तयार ठेवायच्या. मी शाळेत सांगायचे, माझे बाबा खुर्च्या रिपेअर करतात.

हे कळल्यावर त्यांनी मला जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीत बसवलं. आईच्या दोन ओढण्यांनी बांधलं.

"हे हँडल. पायलटने ओढलं की पुढचं सगळं सीट करते. वरची काच उडते. पट्टे खांदे मागे खेचतात, पाय आत खेचतात. नाहीतर बाहेर पडताना पाय तुटेल. मग खाली स्फोट. मग रॉकेट. वर गेल्यावर छोटं पॅराशूट सीट सरळ करतं, सीट सुटून जाते, मोठं पॅराशूट उघडतं."

"किती वेळ लागतो?"

"तू 'बाबा' अशी हाक मारायची आणि मी 'काय गं' म्हणायचं. तेवढाच."

"आणि विमान जमिनीवरच उभं असलं तर?"

"तरी वाचतो. आताच्या सीट तेवढं उंच फेकतात."

"मग कुणी मरतच नसेल."

बाबा ओढणी सोडायला लागले. "हँडल माणसाला ओढावं लागतं ना."

मी सहावीत असताना एक दिवस एक विमान परत आलं नाही.

त्या सीटच्या रजिस्टरवर शेवटची सही बाबांची होती. अपघात झाला की चौकशीसाठी आधी रजिस्टरं सील होतात. बाबांना घरी पाठवलं. ते क्वार्टरच्या दारापासून किचनपर्यंत आणि किचनपासून दारापर्यंत चालत राहिले. मध्येच स्वतःशी म्हणायचे, "पट्टे मी स्वतः बघितले होते. स्वतः बघितले होते."

आईने पाणी दिलं. ग्लास हातात तसाच.

संध्याकाळी फोन आला. पायलट साहेब एका मोहरीच्या शेतात उतरले होते. गावकऱ्यांनी खाटेवर घालून रस्त्यापर्यंत आणलं. मणक्याला मार होता, पण जिवंत.

बाबांनी फोन ठेवला आणि उभ्या उभ्या चार भाकरी खाल्ल्या.

पुढे बाबा आम्हाला घेऊन साहेबांना भेटायला हॉस्पिटलमध्ये गेले. साहेब नागपूरचे, मराठीच. पाठीवर सरळ झोपलेले. बाबांचा हात धरून "थँक यू" म्हणाले.

बाबांनी काय विचारावं?

"साहेब, पाय वेळेवर आत खेचले गेले ना?"

साहेब हसले आणि लगेच कळवळले. मग सांगायला लागले. इंजिन बंद पडलं होतं. चालू करून बघितलं, परत करून बघितलं. अगदी खाली आल्यावर हँडल ओढलं.

सार्जंटने अधिकाऱ्याला असं बोलायचं नसतं. बाबा बोलले.

"सीट केव्हाची तयार होती, साहेब. उशीर तुम्ही केलात."

आईने त्यांचा शर्ट मागून ओढला.

आणि हाच माणूस!

मागच्या वर्षी आजच्या दिवशी. सकाळी चहा झाला आणि बाबा छाती चोळायला लागले. आई म्हणाली, "चला ना दवाखान्यात."

"गॅस आहे. काबर घाई करते?"

ओवा खाल्ला. गरम पाणी प्यायले. पंखा पाचवर केला. टॉवेलने मान पुसत राहिले. मी समोरच टेबलावर युनिट टेस्टचे पेपर तपासत होते. मी दोनदा विचारलं.

"तू पेपर तपास."

मी तपासले.

या एका वाक्याने मला वर्षभर एका जागी बसू दिलेलं नाही.

दुपारी त्यांना उभं राहता येईना, तेव्हा आमच्या डोकमर्डीच्या कोपऱ्यावरून मी रिक्षा पळवत आणली. डॉक्टरांनी विचारलं, "केव्हापासून दुखतंय?" आईने वेळ सांगितली. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि आत गेले.

संध्याकाळपर्यंत बाबा गेले.

आता आई नुसती खोकली तरी मी चप्पल घालते. वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता फोन चेक करते. मुलं हसतात.

गेल्या आठवड्यात पायलट साहेबांचा फोन आला. वर्षश्राद्धाची तारीख त्यांच्या लक्षात होती. रिटायर झालेत. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि मला राहवलं नाही.

"सर, रागावू नका. त्या दिवशी तुम्ही उशीर का केलात? सीट चालते हे तर माहीत होतं ना?"

 

साहेब म्हणाले, "उशीर होतोय असं वाटलंच नाही गं. मला शेवटपर्यंत वाटत होतं, विमान अजून माझ्या हातात आहे."

 आईने माझ्या हातातून फोन घेतला आणि त्यांच्या पाठीची चौकशी करत बसली. थंडीत मणका अजून दुखतो म्हणाले.

बाबा, थोडा राग उतरलाय. सगळा नाही.

वाचणाऱ्यांनो, छातीत दुखलं तर बसून राहू नका. घरातलं कुणी "गॅस आहे" म्हणालं तर त्याचं ऐकू नका. भांडा, पण उठवा.

बाबा, तुम्हाला नमस्कार. आईचा पण.