आदल्या दिवशीचं इतिवृत्त

गावच्या कारकुनाला सगळं गाव 'सर्वानुमते' म्हणायचं, आणि त्यालाही त्याचं काही वाटत नसे. वाटून करणार काय? एकतीस वर्षं तो गावसभेचं इतिवृत्त लिहीत होता आणि त्यातला एकूण एक ठराव 'सर्वानुमते मंजूर' इथेच येऊन टेकायचा. गटार उपसायचं, सर्वानुमते मंजूर. शाळेचं कुंपण, सर्वानुमते मंजूर. बायकोसुद्धा ताट पुढे करताना म्हणायची, "भाजी जरा खारट झालीय, सर्वानुमते चालेल ना?" तो विचारायचा, "विरोधात कोण आहे?" मग दोघंही हसायची. घरात होती दोघंच. मुलगी लग्न होऊन लांब गेलेली, तिचा रविवारी फोन यायचा.

आता खरी गंमत सांगतो. हे इतिवृत्त तो सभेच्या आदल्या दिवशीच लिहून ठेवायचा. यात चोरी-लबाडी काही नव्हती बरं का, सदस्यांना सगळ्यांना ठाऊक होतं. नोकरीला लागला तेव्हा तो बिचारा सभेत बसून लोक बोलतील तसं लिहायचा. पण विषय असायचा पाण्याच्या टाकीचा आणि माणसं भांडायची कुणाच्या गाईनं कुणाचा वाफा खाल्ला यावरून. तेव्हाच्या अध्यक्षांनी पान वाचलं आणि कपाळाला हात लावला. "अरे बाबा, वरच्या कचेरीला गाईशी काय करायचंय? तू आपला आधीच नीट लिहून ठेवत जा." तेव्हापासून जी पद्धत पडली ती पडली. आदल्या दिवशी दुपारी खिडकीपाशी टेबल ओढायचं, वरून आलेली विषयपत्रिका समोर ठेवायची आणि सुरेख अक्षरात एकेक विषय निकालात काढायचा. संध्याकाळपर्यंत सातही सदस्य येता-जाता सही ठोकून जायचे. दुसऱ्या दिवशी सभेला पाच-सहा टाळकी जमायची, चहा प्यायची, घरी जायची. एकतीस वर्षांत कुणाचं काही बिघडलं नाही. वहीच्या पानांवर क्रमांक छापलेले असायचे आणि खाडाखोड केली की पान बाद व्हायचं, म्हणून तो एकदा लिहिलेल्या ओळीला परत हात लावत नसे. याचा त्याला भारी अभिमान होता.

त्या खेपेला विषयपत्रिकेत चार विषय होते. चौथा होता, 'आरोग्य केंद्रांच्या सुसूत्रीकरणाबाबत. ग्रामस्थांची हरकत असल्यास सभेत नोंदवावी.' सोबत तीन पानांचं परिशिष्ट. सुसूत्रीकरण म्हटल्यावर त्याला वाटलं, नोंदवह्यांचे रंग बदलायचे असतील. असली पत्रं वर्षाला ढिगानं यायची. परिशिष्ट त्याने उलटूनही पाहिलं नाही. लिहिलं, 'चर्चा झाली. ग्रामस्थांची हरकत नाही. सर्वानुमते मंजूर.' सातजणांनी सह्या केल्या. त्यांनीही वाचलं नाही, पण त्यांचं सोडा, लिहिणारा हा होता.

परिशिष्टाच्या तिसऱ्या पानावर बंद होणाऱ्या दवाखान्यांची यादी होती, आणि त्यात गावचा दवाखाना होता.

दवाखाना म्हणजे काय, तर शाळेमागच्या दोन खोल्या. एक लोखंडी कपाट, एक वजनकाटा, एक पडदा आणि एक नर्सबाई. पण याच्या बायकोचा पाय त्या दोन खोल्यांच्या जिवावर उभा होता. तिला साखरेचा आजार होता आणि उजव्या पायाच्या अंगठ्याखाली जखम झालेली, काही केल्या भरत नव्हती. नर्सबाई दिवसाआड जखम धुऊन पट्टी बांधायच्या. त्या मोकळ्या स्वभावाच्या होत्या. म्हणाल्या होत्या, "एखादा दिवस चुकला तर देव सांभाळेल. पण रोजच चुकायला लागलं तर पाय जाईल, आधीच सांगून ठेवते." दुसरा दवाखाना होता अकरा किलोमीटरवर. बस सकाळी एक आणि संध्याकाळी एक, तीही तिच्या मर्जीची.

सभेच्या दिवशी हा खुर्च्या मांडायला लवकर बाहेर पडला. त्याच सकाळी नर्सबाईंच्या हातात त्या परिशिष्टाची त्यांची नक्कल पडली. त्यांनी ती शेवटच्या पानापर्यंत वाचली आणि पट्टी बांधता बांधता समोर बसलेल्या प्रत्येकाला सांगितली. बातमी तासाभरात घरोघरी गेली.

त्याने बारा खुर्च्या मांडल्या होत्या. अकरा वाजता सत्तर माणसं आली. खोलीत मावेनात म्हणून व्हरांड्यात उभी राहिली, खिडकीच्या गजांना धरून उभी राहिली. पोस्टातल्या निवृत्त बाई आल्या, तान्ही पोरं घेऊन बायका आल्या, ज्यांनी जन्मात सभेचं तोंड पाहिलं नव्हतं असे म्हातारे आले. आणि पोस्टातल्या बाईंच्या दंडाला धरून, एका पायात चप्पल आणि एका पायाला पट्टी अशी, याची बायको आली. तिला पाहून त्याला आधी वाटलं, घरी काहीतरी झालं.

गावच्या सुताराने विषय चौथा काय आहे ते खणखणीत आवाजात सगळ्यांना सांगितलं. तेव्हा कुठे याला कळलं. वही समोर उघडीच होती. 'हरकत नाही' हे शब्द काळ्याभोर शाईत, वळणदार, खाली सात सह्या. त्याने डावा हात पानावर आडवा ठेवला. सह्या केलेल्यांपैकी जे सदस्य आले होते ते खिडकीबाहेर बघायला लागले.

मग माणसं बोलायला लागली, आणि त्या दिवशी कुणी गाईचं काढलं नाही. प्रत्येकाकडे सांगण्यासारखं होतं. कुणाचा दमा, कुणाचं बाळंतपण, कुणाच्या नातवाचा ताप. सुतार दर थोड्या वेळाने म्हणायचा, "लिही बरं का रे सर्वानुमते, शब्दन्‌शब्द लिही. नावं घाल." आणि हा मान डोलवत होता. वहीत एक कोरा कागद सरकवून त्यावर पेन फिरवत होता. काय लिहीत होता? काही नाही. रेघा ओढत होता.

शेवटी त्याची बायको उठली. या बाईने आयुष्यात चार माणसांपुढे तोंड उघडलं नव्हतं. दुकानात सुट्टे कमी आले तरी तशीच घरी यायची आणि याला परत पाठवायची. ती खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली आणि म्हणाली, "माझा पाय आहे. म्हणजे अजून आहे. तो नर्सबाईंमुळे आहे. बसच्या पायऱ्या मला चढवत नाहीत. दवाखाना इथून हलवू नका, एवढंच माझं म्हणणं आहे." एवढं बोलून ती बसली. तिचे कान लाल झाले होते. पोस्टातल्या बाई म्हणाल्या, "हिनं सगळ्यांचं सांगितलं."

घरी आल्यावर तिने पहिलं तेच विचारलं.

"माझं पण लिहिलंत का हो?"

"लिहिलं."

"नावानिशी?"

"नावानिशी."

ती खूश झाली. अशी खूश, की त्याने तिला मुलीच्या लग्नातही तशी पाहिली नव्हती. रविवारी मुलीला फोनवर सगळं सांगितलं, शेजारणीला दोनदा सांगितलं. "आमच्या ह्यांनी लिहून घेतलंय सगळं," म्हणायची. हा तेव्हा अंगणात जाऊन उगाच काहीतरी शोधत बसायचा.

नाही म्हणायला त्याने हातपाय हलवले, ते लपवणार नाही. त्याच दुपारी तो अध्यक्षांच्या दुकानात गेला. अध्यक्ष खिळ्यांची पेटी उघडत होते.

"पुरवणी जोडू या का?" याने विचारलं. "लोकांची हरकत आहे म्हणून."

"इतिवृत्ताची नक्कल सकाळीच दुधाच्या गाडीबरोबर वर गेली."

"गेली तर गेली. मागाहून पत्र पाठवू."

"आणि त्यात काय लिहिणार? आधीचं चुकलं? मग ते विचारतील, कसं काय चुकलं. मग विचारतील, लिहिलं कधी होतं. मग एकतीस वर्षांच्या वह्या मागवतील." अध्यक्षांनी पेटी बाजूला ठेवली. "तू तयार आहेस का? तू हो म्हण, मी सही करतो."

आणि इथेच तो गप्प बसला. अध्यक्षांनी मोडता घातला असता तर निदान त्यांच्या नावाने बोटं मोडता आली असती. त्यांनी याच्यावरच सोडलं. एकतीस वर्षांच्या वह्या कार्यालयाच्या कपाटात ओळीने लावलेल्या होत्या, एकाही पानावर खाडाखोड नव्हती, आणि त्यातलं एकही पान खरं नव्हतं. ते कुणी उघडून पाहावं हे त्याला सोसेना. मला विचाराल तर मला त्याचा राग येतो. बायकोचा पाय एका बाजूला आणि वळणदार अक्षर दुसऱ्या बाजूला, आणि हा भला माणूस विचार करत बसला.

तीन आठवड्यांनी आदेश आला. 'ग्रामस्थांची कोणतीही हरकत नसल्याचे सभेच्या इतिवृत्तावरून दिसून येते, सबब सदर केंद्र बंद करण्यात येत आहे.' आदेश फळ्यावर चिकटवायचं काम याचंच. त्याने तो चिकटवला. लोकांनी वाचला आणि वरच्या कचेरीला शिव्या घातल्या. सुताराने याच्या खांद्यावर हात ठेवला. "तू इतकं लिहून पाठवलंस आणि त्यांनी वाचलंदेखील नाही. तू तरी काय करणार?" याने मान खाली घातली. लोकांना वाटलं, बिचाऱ्याला वाईट वाटतंय.

कपाट, वजनकाटा आणि पडदा एका टेम्पोत मावले. जाताना नर्सबाईंनी याला पट्टी बांधायला शिकवलं. हात कसे धुवायचे, जखम आतून बाहेर कशी पुसायची, कापड किती घट्ट ओढायचं. "कडा काळ्या दिसल्या की एक दिवस थांबू नका," म्हणाल्या. तो रोज मन लावून करायचा, त्यात कसूर नाही. बायको म्हणायची, "तुमचा हात नर्सबाईंपेक्षा हलका आहे." हात हलका होता, पण नजर तयार नव्हती. कडा काळ्या झाल्या तेव्हा त्याला वाटलं, औषधाचा डाग आहे. चौथ्या दिवशी तिला ताप भरला. सुताराच्या गाडीतून शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी पाय घोट्याच्या वर कापला.

ती घरी आली त्याच्या दुसऱ्या आठवड्यात सुतार आला. ओसरीवर उभा राहून म्हणाला, "वहिनींचा पाय गेला, हे आता असं सोडायचं नाही. आपण वर अपील करू. सत्तर माणसांनी हरकत घेतली, नावानिशी लिहिलेली आहे, आणि हे म्हणतात हरकत नाही? मला त्या पानाची नक्कल दे. संध्याकाळी येतो."

तो गेल्यावर बायको पलंगावर उठून बसली. कितीतरी दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर जरा जीव दिसला. "खरंच की," ती म्हणाली, "वही तर आहे. आणा ना घरी. मला पण बघायचंय माझं नाव."

वही हरवली म्हणता आलं असतं. पाण्यात भिजली म्हणता आलं असतं. कार्यालयापर्यंत जाताना त्याला अशा दहा गोष्टी सुचल्या. पण वही काखेत मारून तो घरी आला आणि पान काढून त्याने ती तिच्या मांडीवर ठेवली. आता आणखी एक खोटं बोलायचं त्राण त्याच्यात उरलं नव्हतं.

तिला वाचायला वेळ लागायचा. बोट ठेवून तिने पहिल्यापासून वाचलं. गटार, दिवाबत्ती, शाळेचं छप्पर. चौथ्या विषयावर बोट थांबलं. तिने पान उलटून मागे पाहिलं, पुन्हा पुढे आली.

"मी कुठे आहे?"

"नाहीस."

"आणि बाकीचे?"

"कुणीच नाही. हे आदल्या दिवशी लिहिलं होतं. मी नेहमी आदल्या दिवशीच लिहितो."

तिने जरा वेळ पानाकडे पाहिलं. "म्हणजे मी उठून उभी राहिले, तेव्हा हे लिहून झालेलं होतं."

"हो."

"आणि तुम्ही माझ्याकडे बघत लिहीत होतात ते?"

"रेघा ओढत होतो."

ती ओरडेल, वही फेकेल, निदान रडेल, असं त्याला वाटलं होतं. मनातून त्याला ते हवंच होतं. तिने वही मिटली, चादरीची सुरकुती हाताने सारखी केली.

"त्या दिवशी पाय फार ठणकत होता," ती म्हणाली. "मी उगाच उठले."

संध्याकाळी सुतार आला. याने दार उघडलं आणि चौकटीला धरून उभा राहिला. आतून तिचाच आवाज आला, नेहमीसारखा, बारीक. "भावजी, ती वही वरच्या कचेरीत मागवून घेतलीय म्हणे. परत येत नाहीत त्या वह्या. राहू द्या आता अपिलाचं. माझी काही तक्रार नाही."

सुतार थोडा वेळ दारात घुटमळला आणि निघून गेला. हा आत आला तेव्हा तिने भिंतीकडे तोंड केलं होतं. वही पायथ्याशी पडली होती, जिथे तिचा उजवा पाय असायचा तिथे.