लहानूचा हात आणि बाबारावांच्या मिशा

आमच्या शेजारचा लहानू हिंगण्याच्या कारखान्यात लोखंडी कपाटांना रंग मारायचा, आणि वर्षातून एकदा बडग्याला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबती आणि बडगे निघतात हे इथल्या माणसाला काय सांगायचं. पण बाहेरगावच्या वाचकासाठी सांगतो. मारबत म्हणजे बाईचा पुतळा, आणि बडग्या म्हणजे बाप्याचा, कागद-बांबूचा. गावाची सगळी पीडा त्याच्या डोक्यावर लादायची, चौकाचौकातून शिव्या घालत फिरवायचा आणि शेवटी जाळून टाकायचा. महाल भागातल्या आमच्या गल्लीच्या बडग्याचं तोंड रंगवायचा मान लहानूचा. मान म्हणजे काय, दुसरं कोणी फुकटात करत नव्हतं.

बहात्तर साली बडग्या महागाईचा होता, त्र्याहत्तर साली रॉकेलच्या काळ्या बाजाराचा. विषय बदलले, तोंड बदललं नाही. जाड भुवया, पोपटासारखं नाक आणि कानापर्यंत गेलेल्या मिशा. आम्हाला वाटायचं, ही लहानूची स्टाइल. ती स्टाइल भिवापूरला मिरचीचा व्यापार करते, हे त्र्याहत्तरच्या मिरवणुकीत कळलं.

त्या वर्षी लहानूचे सासरे बाबाराव भिवापूरहून पहिल्यांदाच मारबत पाहायला आले होते. चौकात पुढच्या रांगेत, कडक इस्त्रीचं धोतर नेसून उभे. वळणावरून आमचा बडग्या डोलत आला आणि आजूबाजूची माणसं एकदा बडग्याकडे, एकदा बाबारावांकडे पाहू लागली. एका बाईनं बडग्याला घातलेली शिवी अर्ध्यात गिळली आणि डोक्यावरचा पदर सावरला.

बाबाराव जेवायला थांबले नाहीत. पिशवी उचलली आणि पोरीला, गोपिकाला, एवढंच म्हणाले, "तुह्या नवऱ्यानं मले भर चौकात जाळलं वं. आता या घरचं पाणी नाही प्यायचा मी."

आणि खरंच आले नाहीत. दिवाळीला नाही, संक्रांतीला नाही. गोपिका भांडली असती तर लहानू सुटला असता. ती भांडली नाही. माहेरून येणारी मिरची बंद झाली, आणि इतवारी बाजारातली मिरची ती घरात शिरू देईना. लहानू रोज फिका वरण-भात खाऊन कंपनीच्या बसमध्ये बसायचा. दवाखान्यातून सुटलेल्या माणसासारखा दिसायला लागला होता.

"भैय्याजी, मी मुद्दाम नाही काढत गा," तो माझ्यापाशी रडायचा. "तोंड काढाले बसलो का हात आपोआप तिकडंच जाते."

"मंग हाताले शाळेत टाक," मी म्हणालो.

माझं बोलणं गल्लीत कोणी मनावर घेत नाही. लहानूनं घेतलं. सीताबर्डीवर एका कापड दुकानाच्या माडीवर शोभाताई नावाच्या बाई संध्याकाळी चित्रकलेचा वर्ग घ्यायच्या. नवशिक्यांना सुरुवात कोळशाच्या कांडीनं. लहानू पहिली पाळी उरकून तिथं जाऊ लागला. वर्गात बाकी सगळ्या कॉलेजच्या पोरी, आणि मध्ये हा, बुटांवर कपाटांचा हिरवा रंग. कोळसा खोडायला रबर चालत नाही, पावाचा मऊ गर लागतो, म्हणून रोज डबलरोटी विकत घ्यायचा. आमच्याकडे तेव्हा डबलरोटी फक्त आजाऱ्याला आणत. हातात डबलरोटी आणि तोंडाला काळं, असा तो घरी येताना पाहून गल्लीतल्या बायका गोपिकाला विचारून गेल्या, "काय झालं वं त्याले?"

मला राहवलं नाही. एका संध्याकाळी मीही माडी चढलो. समोर स्टुलावर सुरई ठेवली होती आणि सगळे ती काढत होते. शोभाताई लहानूच्या मागे येऊन थांबल्या.

"हे काय आहे?"

"सुरई, ताई."

"सुरईला राग कशाचा आलाय?"

मी वाकून पाहिलं. सुरईची तोटी पोपटाच्या नाकासारखी, आणि पोटावर सावली म्हणून जे घासलं होतं त्या सरळसरळ मिशा. मग मी शोभाताईंना बाबारावांची हकिकत सगळी सांगितली. लहानू मला डोळ्यांनी थांबवत होता, पण अशा वेळी मला कमी दिसतं.

शोभाताई हसल्या नाहीत. "सुरईकडे किती वेळ पाहिलंत?" त्यांनी लहानूला विचारलं.

"मी कागदाकडे पाहून राहिलो होतो जी."

"आणि सासऱ्यांकडे कधी पाहिलंत?"

लहानूनं कांडी खाली ठेवली. मग म्हणाला, "मामाजींच्या पुढं मान खाली असते. लग्नात अंतरपाट सुटला तवा एकदा वर पाह्यलं होतं. ते मिशांवर हात फिरवून राहिले होते."

"मग हाताला तेवढंच ठाऊक आहे. त्यांना समोर बसवा, नीट पाहा, आणि काढा. तोपर्यंत सुरई काय आणि बडग्या काय, सगळे तेच निघणार."

लहानूची एकट्याची हिंमत नव्हती, म्हणून मला घेऊन भिवापूरला गेला. उन्हाळा लागत होता. बाबाराव मिरचीच्या ढिगांमध्ये गादीवर बसले होते आणि आम्ही शिंकत शिंकत आत शिरलो.

"मामाजी, तुमचं चित्र काढाचं होतं," लहानू जमिनीकडे पाहत म्हणाला.

"काहून? अंदाजानं जमून नाही राहिलं का? आता मोजमाप घेता?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात ते म्हणाले, "हा भैय्याजी चूप राहीन तं बसतो."

मी चूप राहिलो. माझ्या आयुष्यातली ती सर्वांत लांब दुपार. लहानूनं पाटी मांडीवर घेतली आणि पहिल्यांदा मान वर केली. सुरुवातीला बाबाराव छाती फुगवून बसले. पण कोणी इतकं टक लावून पाहिलं की माणूस किती वेळ फुगून राहणार? हळूहळू खांदे उतरले, मिशांवरचा हात मांडीवर आला. लहानू काढत होता, पावानं पुसत होता, पुन्हा पाहत होता. त्यानं कागद पुढे केला, तेव्हा बाबारावांनी तो उजेडाकडे धरला.

नाक पोपटाचं नव्हतंच. साधं होतं, जरा बसकं. भुवया विरळ. डोळ्यांखाली पिशव्या. मिशा होत्या, पण खाली झुकलेल्या.

"हा तं म्हातारा माणूस आहे," बाबाराव म्हणाले.

"दिसलं तसं काढलं मामाजी."

"हं. गोपिकाले नका दाखवू. जीवाले लावून घेईन." त्यांनी कागदाची गुंडाळी करून गादीखाली सरकवली, आणि आम्ही निघालो तेव्हा मिरचीची एक पिशवी लहानूच्या हातात दिली. "पोळ्याले येतो. पण बडग्या पहिल्यासारखाच काढा. थो जवान होता. गावातले चार लोक घेऊन येतो पाहाले."

आता गंमत पाहा. चौऱ्याहत्तरच्या पोळ्याच्या आदल्या दिवशी लहानू ब्रश घेऊन बडग्यासमोर बसला आणि हात हलेना. "मले आता खरे मामाजीच दिसते गा भैय्याजी," तो म्हणाला. "त्या डोळ्यांले लोकायच्या शिव्या कशा खाऊ घालू?" शेवटी त्यानं एक गोल, गुळगुळीत, बिनमिशांचं तोंड काढलं. कोणाचंच नाही असं.

चौकात बाबाराव भिवापूरकरांना घेऊन पुढच्याच रांगेत होते. बडग्या आला, गेला. एकानं विचारलं, "कुठं आहा तुम्ही याच्यात?"

"यंदा नाही," बाबाराव मिशांना पीळ देत म्हणाले. "मागल्या साली होतो. दोन साल लागोपाठ."

रात्री गोपिकाच्या घरी पंगत बसली. मी आगंतुक होतोच. बाबाराव दोन पुरणपोळ्या संपवून तिसरीकडे वळले, तरी त्यांची कुरकुर थांबेना.

"गोपिके, त्या क्लासानं तुह्या नवऱ्याचा हात बिघडवला वं."

"बिघडू द्या," गोपिका त्यांच्या पानात तूप वाढत म्हणाली. "जेवा आता."