पाच चिंचोके, एक कुत्री

नकाशा म्हटलं की मला शाळेतली भिंत आठवते आणि तिच्यासमोर उभं राहून खाल्लेल्या छड्या. सातवीत माझी शाळा सुटली ती सुटलीच. पुढचं सगळं वाचन पुड्यांच्या कागदांवर आणि वाचनालयात. तेव्हा माझ्या जेवणाच्या टेबलावर कधी नकाशा होईल, तोही मी केलेला, असं कोणी म्हणालं असतं तर मी त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघितला असता!

झालं असं. आम्ही खडकीत राहतो. आमच्या मागे नाला, त्याच्यावर छोटा पूल आणि पलीकडे मोकळं मैदान. त्या मैदानात एक तपकिरी कुत्रा झोकांड्या खात फिरताना लोकांनी पाहिला. जबडा लोंबलेला, लाळ गळतेय. तो मेला आणि तपासणीत रेबीज निघाला. लगेच प्राण्यांच्या दवाखान्याची गाडी आली. जाळ्या घेतलेली माणसं आली आणि त्यांच्यासोबत एक डॉक्टरीण, वयाने माझ्या नातीएवढी. ती दारोदार एकच विचारत होती, इकडची कुत्री कुठे खातात, कुठे झोपतात आणि कुठवर फिरतात?

मी तिला आधी पाणी दिलं, मग विचारलं, "अगं, सरळ सगळ्यांना सुया टोचून मोकळी हो की. फिरतात कुठे ते कशाला हवं?"

"आजी, माणसं दोन, भाग केवढा मोठा. आधी कुठे टोचायचं ते कळायला नको? हा रोग रस्त्याने नाही जात, कुत्र्यांच्या ओळखीपाळखीने जातो. कोण कोणाला भेटतं त्याचा नकाशा करायचाय."

ओळखीपाळखी! अहो, मग मला का नाही आधी विचारलं? आयुष्यभर मी दुसरं केलंय काय?

तेवढ्यात तिने माझ्या दारातल्या पोळीच्या ताटलीकडे बोट दाखवलं. "ही कोणाची?"

"ही बर्फीची." बर्फी म्हणजे रस्त्यावरचीच कुत्री, पण सकाळची पहिली पोळी तिची. पांढरीशुभ्र, डावा कान काळा, शेपूट अर्धी.

"मैदानाकडे जाते?"

"छे! गल्लीचं तोंडसुद्धा ओलांडत नाही ती. घरंदाज आहे."

"लस?"

मी कधी दिली नव्हती. मला वाटायचं, कोणीतरी येऊन टोचून जात असेल. डॉक्टरीण रागावली नाही, पण म्हणाली, "त्या मेलेल्या कुत्र्याशी गाठ पडली असेल आणि अंगावर चावा सापडला, तर तिला पिंजऱ्यात ठेवावं लागेल, कितीतरी महिने. आणि तरी वाचेलच असं नाही." बर्फी आदल्या दिवसापासून पोळीला आलेली नव्हती.

मग मी पदर खोचला. जुन्या कॅलेंडरची पानं चिकटवून मोठा कागद केला. त्यावर गल्ली, नाला, पूल, मैदान काढलं. लस झालेल्या कुत्र्याला हरभरा, न झालेल्याला चिंचोका. सून हिंजवडीच्या बसला निघताना बघून म्हणाली, "आई, आज उसळ आहे की सर्व्हे?" मी म्हटलं, जे उरेल ते खा.

डॉक्टरणीला घेऊन मी घरं फिरू लागले. आता आमच्या लोकांची गंमत ऐका. सोसायटीत पाटी आहे, 'भटक्या कुत्र्यांना खाऊ घालू नये, इतर ठिकाणे आहेत.' त्यामुळे कबूल कोण करणार? पहिल्याच घरात उत्तर मिळालं, "आमच्याकडे कुत्र्यांना कोणी काही घालत नाही."

डॉक्टरीण निघाली, पण मी तिचा हात धरला आणि घरच्या बाईला विचारलं, "तुम्ही नाही हो, पण दुसरं कोणी घालतं का?"

"मी कशाला कोणाचं सांगू? पण तिसऱ्या मजल्यावर विचारा. संध्याकाळी, जिन्याखाली. काल वरणभात होता. वर तूप."

बघा! स्वतःचं विचारलं तर नन्नाचा पाढा आणि शेजारणीचं विचारलं तर वेळ, जागा, वरच्या तुपासकट! मग मी तीच रीत धरली. तिसऱ्या मजल्याने गिरणीवालीचं सांगितलं, गिरणीवालीने इस्त्रीवाल्याच्या बायकोचं, आणि तिने पुलापलीकडच्या एका बाईचं. कुत्रंही वर्णन करून सांगायची. मी घरी येऊन टपाटप दाणे मांडत होते. डॉक्टरीण फोनमध्ये खुणा करता करता हसत होती आणि मला तर इतका चेव चढला होता की चहा ठेवून विसरले, भांडं करपलं.

आणि मग माझा हात थांबला. जिन्याखाली पांढरी कुत्री, डावा कान काळा. गिरणीपाशी पांढरी कुत्री, शेपूट अर्धी. इस्त्रीच्या टपरीपाशी तीच. पूल ओलांडून तीच. कुठे राणी, कुठे टफी, कुठे नुसतीच 'बाळ'. माझ्या दारचा धरून पाच चिंचोके झाले होते.

"अगं, या पाच नाहीत," मी म्हटलं. "ही एकच आहे."

खरं सांगते, आधी मला राग आला. सकाळी माझ्याकडे असा चेहरा करून यायची जणू उपाशी आहे! म्हणजे सगळीकडे तोच चेहरा. पण डॉक्टरीण मात्र गंभीर झाली. "आजी, पाच घरांच्या मध्ये पूल आहे आणि पुलापुढे मैदान. इथल्या कुत्र्यांना तिथल्यांशी जोडणारी हीच. लस कोणी दिलीय का तेवढं विचारूया."

विचारलं. प्रत्येकीला वाटत होतं, दुसरीने दिली असेल. पोळी पाच घरची आणि लस एकाही घरची नाही.

ती असणार पलीकडच्या बाईकडे, कारण बाकी चारही ताटल्या भरलेल्याच होत्या. निघालो. मी, डॉक्टरीण, जाळीवाले, आणि 'आमचा काय संबंध' म्हणणाऱ्या तिघीही चपला घालून मागे. पुलावर पोचलो आणि समोर बर्फी, मैदानाच्या कडेला उन्हात पसरलेली! जाळी दिसताच ताडकन उठली. मी ओरडले, "बर्फी!" मागून "राणी!", "टफी!" ती मधोमध उभी राहून आमच्याकडे बघत मागे मागे सरकायला लागली.

"सगळ्या गप्प बसा!" डॉक्टरीण म्हणाली. "एकीनेच हाक मारा. ती झोपते कुणाकडे?"

पलीकडच्या घरातून एक बाई बाहेर आली. माझ्याच वयाची, कारखान्यातून निवृत्त झालेली, हे मला नंतर कळलं. ती ओट्यावर बसली आणि हळूच म्हणाली, "ये बाळ." आणि आमची घरंदाज कुत्री गेली, डोकं तिच्या मांडीवर ठेवून बसली. मला कसंसंच झालं. डॉक्टरणीने लांब हातमोजे घालून कान, मान, पाय, पोट, केसन्‌केस बाजूला करून पाहिलं. मग सुई टोचली, कपाळावर लाल रंगाची खूण केली आणि मान वर केली.

"चावा दिसत नाहीये."

तिघींनी टाळ्या वाजवल्या!

"पण न दिसलेला ओरखडा असू शकतो. पुढचे काही महिने लक्ष ठेवायचं. नीट खाते का, पाणी पिते का, उगाच अंगावर जाते का. जरा वेगळं वाटलं तर हात न लावता मला फोन. जबाबदारी कोणाच्या नावावर लिहू?"

"आमच्या!" चारी बाजूंनी एकदम. इस्त्रीवालीने तर पत्ताही सांगितला. सकाळी हीच सगळी मंडळी कुत्री ओळखत नव्हती.

घरी येऊन मी नकाशावरचे चार चिंचोके उचलले. पाचवा उचलून त्याच्याऐवजी हरभरा ठेवला. बरोबर पुलावर.

ते महिने आता संपले. बर्फी धडधाकट आहे, जाडच झालीये. पण आमची सवय काही सुटली नाही. सकाळी पोळी खाऊन ती वळली की मी गिरणीवालीला फोन लावते, "खाल्लं. पाणीही प्यायली. निघाली तिकडे." ती पुढे कळवते. दिवस मावळताना शेवटचा फोन मला येतो, पुलापलीकडून.

"आली हो ताई. झोपली."

मग मी दाराला कडी लावते.